धोंड्यातला मदरबोर्ड

जालना, शुक्रवार, १९ नोव्हेंबर २००४

चि. कडूबा यास मच्छिंद्रदाजीचे अनेक आशीर्वाद. पुण्यात तुझी तब्येत, नोकरी आणि खानावळ तिन्ही धड असतील अशी आशा करतो. इकडे तुझी बहीण नंदा मजेत, माझी आई मजेत. मी मजेत नाही, त्याचं कारण टेबलावर ठेवलेलं आहे आणि ते तू निवडलेलं आहे.

मामी गेल्या म्हणून जावयाच्या धोंड्याची रीत मोडायची नाही, असं तुझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या रामरावमामांनी ठरवलं. मी अंगठीऐवजी कॉम्प्युटर मागितला, तोही गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला (तुझ्यापाशी काय लाजायचं). सामान आणलंस तू. धावड्यात, तुमच्या घरी, सगळं पाटावर मांडलं, मॉनिटरला हार घातला. सतरा इंची मॉनिटर, निळा दिवा लागणारा डबा, गुडघ्याएवढे स्पीकर. पाहुण्यांना दिसतं ते सगळं भारी. मदरबोर्ड डब्याच्या आत, तो कोण बघतो, म्हणून काटकसर केलीस ती नेमकी तिथं. अरे, रुखवत मांडतात तसं कुणी मशीन घेतं का?

गेम लावला. शर्यत सुरू झाली की सगळ्याच गाड्या थबकतात. एक चित्र येतं, मी चहाचा घोट घेतो, मग दुसरं येतं. शेवटी दिवाळीच्या बोनसात ग्राफिक्स कार्ड घेतलं (बियाण्याच्या प्लँटात वर्षभर पोती वजन करून मिळालेला बोनस तो). दुकानातल्या संपतनं डबा उघडला, बॅटरी मारून आत पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, कार्ड बराबर हाय, पण लावायचं कुठं? ह्या बोर्डाला त्याची खाचच न्हाई. चित्राचं काम हा सोताच करून राह्यला, तेबी रॅम उसनी घेऊन. पत्रं टाईप करा ह्याच्यावर, फस्क्लास चालंल." प्रोसेसर भारी, रॅम भारी आणि मधे हा. पाच हॉर्सपॉवरची मोटार बसवून पुढं अर्धा इंची पाईप जोडल्यासारखं झालं. आई रोज भाकरी वाढताना म्हणते, "अंगठी घेतली असती तर बोटात तरी बसली असती." कार्ड कपाटात आहे.

हे मामांना कोणत्या तोंडानं सांगू? ते दर फोनला विचारतात, मी दर फोनला फस्क्लास म्हणतो. आता परवा ते स्वतःच बघायला येणार आहेत. मामी गेल्यापासून ते ना गावाबाहेर पडले, ना पोटभर जेवले, हे तुला माहीत आहे. आता पहिल्यांदा निघणार, आणि बघणार काय, तर आपण हौसेनं दिलेली वस्तू जागेवर अडखळताना. मला तुझा राग येतो आणि त्यांची काळजी वाटते. तेव्हा खाच असलेला बोर्ड जल्दी पाठव. रविवारपर्यंत येणार नाही हे मलाही कळतं, पण राग तरी पोचू दे. स्वस्तातले बोर्ड तुमच्या हापिसात चालत असतील, शर्यतीला बिलकुल चालत नाहीत.

तुझा,
मच्छिंद्रदाजी

ता. क. (रविवार) पत्र खिशातच राहिलं. मामा आले. त्यांना खुर्चीवर बसवलं, बाणाची बटणं दाखवली आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. गाडी थबकत निघाली. मामा म्हणाले, "ही बरी हाय. दम खाऊन चालती." वळण आलं की त्यांना विचार करायला सवड मिळते, मग ते बैल वळवावा तशी गाडी वळवतात. कुठंही न धडकता ते पहिले आले (मी आजवर पाचवा). संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते, गेले नाहीत. जेवताना दुसरी भाकरी मागितली. नंदा भाकरी आणायला आत गेली, ती डोळे पुसूनच बाहेर आली.

ता. क. २ नव्या बोर्डाचं मामांच्या कानावर गेलं. "मंग गाडी पळंल ना?" एवढं म्हणाले आणि बाणाच्या बटणांवरून हात काढून घेतला. तेव्हा वरचं सगळं खोडलं असं समज. बोर्ड पाठवू नकोस. तू हा जिथून घेतलास त्या दुकानात असलाच आणखी एक मिळाला तर मात्र घेऊन ठेव, अगदी हाच, याहून जराही भारी नको. हा जळला तर मामांसाठी दुसरा हाताशी हवा.