लाईन तोडली त्या हंगामातली डाळ मिल

२० डिसेंबर
मीटर काढून नेला. दोघं शिडी घेऊन आले, खांबावरनं आमची वायर सोडवली, गुंडाळी करून हातात दिली. त्यांना चहा दिला. एकजण जाता जाता म्हणाला, "ताई, परत जोडायला लई दिवस लागतात बरं का." म्हटलं, जोडायचीय कुणाला?
थोरले भाऊजी फाटकातून बघत होते. आत आले नाहीत.
भीती वाटली का? वाटली. पण गेल्या हंगामात लाईनची एक फेज गेली, रोलरची मोटार जळाली, तीही दुसऱ्यांदा, आणि आमच्या डोळ्यांदेखत गावची तूर टेम्पोत बसून बार्शीला गेली. त्या दिवशी जे वाटलं, त्याच्यापुढं ही भीती काहीच नाही.

२३ डिसें.
पत्र्यावर पॅनेल, मागच्या खोलीत बॅटऱ्या. सोलरचे इंजिनिअर दिवसभर इथंच. एकेक मोटार लावून दाखवली. धान्य वर चढवणारी लिफ्ट, चाळणी, पंखा, शेवटी तूर भरडणारा तीस एचपीचा रोलर. त्याला ड्राइव्ह म्हणून एक पेटी बसवलीय, ती मोटारीला दमादमानं उठवते. आधी लाईनवर रोलर सुरू केला की हिसका बसायचा, अख्ख्या आळीचे दिवे मान टाकायचे. आता नुसती गुणगुण. मी तिथंच टाळ्या वाजवल्या, येड्यासारख्या.
जेवताना थोरले: "उनावर पाण्याचा पंप चालतो, मान्य. गिरणी न्हाय चालत. संक्रांतीपतोर बघू, मग शेड सोयाबीनच्या गोडाऊनला भाड्यानं देऊ."
शेड दोघा भावांच्या नावावर. हे म्हणाले, "तुमच्या दोघांच्या मधी मला घेऊ नका," आणि भाकरी कुस्करत बसले. धन्य.

२७ डिसें.
पहिलं गिऱ्हाईक हौसाबाई. तूर रोलरमधे सोडली, जरा फिरला आणि सगळं ठप्प. इन्व्हर्टरवर लाल दिवा. परत चालू केला, परत ठप्प. पोटात तूर घेऊन मोटार उठतच नाही. मग मी आणि हौसाबाई दोघींनी ओंजळीनं रोलर रिकामा केला. हात सोलले.
थोरले बरोबर त्याच वेळी फाटकात हजर. "म्या बोललो न्हवतो?"
व्हय, बोलला होता. सारखं बोलताच की.

३० डिसें. येळवस
येळ अमावस्येच्या पूजेला शेतात सगळा गोतावळा. भज्जी, आंबील, ज्वारीचे उंडे. ज्याला त्याला एकच विषय. "काय वहिनी, सूर्य रुसला का?" आंबील ओतता ओतता हसायचं तरी किती! चुलत जाऊबाईनं हळूच विचारलं, लाईनसाठी परत अर्ज कधी देणार? म्हटलं, मी मेल्यावर. सणासुदीला असं बोलू नये म्हणाली. नसेल बोलायचं. बोलले.

२ जाने.
इंजिनिअरांचा फोन. "मी गेल्यावर काही बदल केला का? मोटारी सगळ्या एकदम सुरू होतात का?" म्हटलं, एकदम कशा होतील, बटणं दाबणारी मी एकटी.
तरी ह्यांना इन्व्हर्टर चालू करायला लावला आणि मी बोर्डासमोर हात मागं बांधून उभी राहिले. कुणीही काही दाबलं नाही. खट् खट् खट्! लिफ्ट, चाळणी, पंखा, तिन्ही एका दमात. वर ड्राइव्ह रोलरला उठवतोय. इन्व्हर्टर बसणार नाही तर काय होईल?
ऑटो! आपल्याकडं विहीर असो की गिरणी, लाईनचा भरवसा नाही म्हणून स्टार्टरला ऑटो असतोच. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू. इंजिनिअरांनी ते सोडवून ठेवले होते. आमच्या मोटारी बघणारे रशीदभाई, त्यांनी मागाहून नीट जोडून दिले. विचारलं तर म्हणतात, "भाभी, ऑटोबिगर मोटार रहती क्या कधी? मला वाटलं इसरून गेले साहेब."
त्यांच्यावर काय रागवू? माझ्याही डोळ्यांदेखत जोडले होते, मला काही वावगं दिसलं नाही. लाईन तोडली, तिची सवय तेवढी भिंतीवर राहिली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग सहा रात्री झोप नाही ते आठवलं आणि खरंच रडले.

३ जाने.
ऑटो काढले. आता क्रम असा: रोलर रिकामा सुरू, मग लिफ्ट, चाळणी, पंखा, एकेक करून. तूर सगळ्यात शेवटी सोडायची.
थोरले: "आता बटनापाशी मानूस बसवनार का दिसभर?"
"मी हाय की भाऊजी. मानूसच हाय."
दिवसभर चालली. हौसाबाई पिवळीधमक डाळ घेऊन गेली, वाटेत चार घरी दाखवून गेली असणार.

८ जाने.
फाटकाबाहेर पोत्यांची रांग. तेर गावाहून सुद्धा एकजण आला. थोरले चावडीवर म्हणे "आमची मिल" म्हणतात. आमची! म्हणोत. शेड राहू दे, असं मात्र तोंडातून काढत नाहीत.

११ जाने.
काल आभाळ, आज आभाळ. बॅटऱ्या भरेनात. सांगून टाकलं, पॉलिश नाही, नुसती भरडून मिळेल. दोघे परत गेले, बाकीचे थांबले. हे म्हणाले, "लाईनचा अर्ज नुसता आणून ठेवू का?" म्हटलं, आणा, चुलीला लागतोच कागद.

१३ जाने. भोगी
आभाळ आहेच. सकाळी भोगीची भाजी चुलीवर, आणि फाटकात ट्रॅक्टर. थोरल्यांची स्वतःची तूर. इतके दिवस घरात होती, आजच निघाली.
"आज भरडून दे. न्हाय जमलं तर उद्या गोडाऊनवाल्याला हो म्हनतो."
बॅटरी निम्म्याच्या खाली. इंजिनिअरांना फोन केला. म्हणाले, चालेल, पण मधे बसली तर भरल्या पोटी उठणार नाही, उद्यावर टाका. उद्यावर टाकायला मला सवड नाही. थोरल्यांना सरळ सांगितलं, "नंबर लावा. हौसाबाईची जाऊ आधी आलीय."
लागले बिचारे रांगेत. पोत्यावर बसून राहिले, हाताची घडी घालून.

दुपार. जावेची झाली. आता त्यांची.
रोलर सुरू. लिफ्ट. चाळणी. पंखा. तूर सोडली. थोरले उठून आत आलेत, पहिल्यांदाच, बोर्डासमोर माझ्या शेजारी उभे. अजून निम्मी पोती बाहेर आहेत आणि बॅटरीचा आकडा उतरतोय. पत्र्यावर उजेड आल्यासारखा वाटतो, की मलाच तसं वाटतंय. ते म्हणाले, "बंद कर गं, मोटार जळंल." आवाजात काळजी होती, खोटं कशाला लिहू?
बंद करणार नाही. वही ठेवते, हात बटणापाशी हवा.