घडी न मोडलेले लुगडे

१७ जानेवारी १९५४, चोरखमारा

जावई येऊन गेले. गोंदियाहून तिरोड्यापर्यंत रेल्वे, पुढे सायकल. खुर्चीच्या काठावर बसून चहा घेतला. विमलला पाचवा महिना लागला. मी "बरे झाले" एवढेच म्हणालो. आणखी काहीतरी म्हणायला हवे होते.

मग खरे बोलणे निघाले. "मामाजी, पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आईलाही मान्य आहे. पण ती म्हणते, तिथं आता बाईमाणूस नाही. कोणाच्या भरवशावर पाठवायची?"

मी म्हणालो, माझी थोरली बहीण येऊन राहील. बोलून गेलो. आक्काला अजून विचारलेलेही नाही.

सौ. असती तर हा प्रश्नच नव्हता. सौ. लिहिण्याची सवय जात नाही. राहू दे.

२४ जानेवारी

आतली खोली उघडली. भाद्रपदापासून कुलूप होते. मी व्हरांड्यातच झोपतो. खाट तशीच, उशाशी औषधाच्या बाटल्या, भिंतीवर पोपडे. तापाच्या खोलीचा वास अजून आहे, की मलाच येतो?

गाडीवान हिरामण मदतीला होता. म्हणाला, "साहेब, या खोलीत तं उंदीर बी येत नाई." बाटल्या त्याने पुरल्या. खाट उन्हात टाकली.

याच खोलीत विमलला ठेवायचे आहे, दुसरी नाही. दारात पाऊल टाकल्यावर तिला आईचे आजारपण दिसू नये. एवढे जमले पाहिजे.

आक्काचा होकार आला. होळीच्या आधी येते म्हणाली.

२ फेब्रुवारी

भिंती खरवडून चुना दिला. खालच्या हातभर पट्ट्याला छुईमातीचा लेप. हिरामणची बायको सारवून गेली. कालव्याला पाणी नाही, त्यामुळे फिरती कमी. कालवा निरीक्षकाला रिकामा वेळ बरा नसतो, पण या वर्षी कामी आला.

डाकबंगल्याच्या गोदामात एक जुनी वेताची खुर्ची पडून होती. बैठक फाटलेली. ओव्हरसियरांना विचारून आणली. बुरडाकडून वेत आणला, भिजवला, स्वतः विणली. एका बाजूला खोल बसते. बाळंतिणीला तशीच बरी, असे मनाला सांगितले.

१४ फेब्रुवारी

गोंदियाला गेलो. आधी भंगारवाल्याकडे. निळ्या काचेचा टांगता दिवा मिळाला आणि नक्षीच्या चौकटीचा आरसा. आरशाला डाग आहेत, म्हटले तर म्हणतो, "दाग से क्या होता है मास्टरजी, सूरत तो आपकी ही दिखेगी!" मी मास्टर नाही. सांगितले नाही.

मग विमलकडे. गालावर थोडी भरली आहे. "बाबा, जेवता ना वेळेवर?" हो म्हणालो. दिवा आणि आरसा पोत्यात गुंडाळून दाराबाहेर ठेवले होते. तिने विचारले, काय आहे? म्हणालो, ऑफिसचे सामान. खोलीचे बोललो नाही. आल्यावर पाहील.

परतीच्या गाडीत वाटले, सांगितले असते तर निदान काही बोलणे झाले असते. तिच्या आईमार्फतच बोलत आलो आम्ही दोघे.

२८ फेब्रुवारी

खिडकी कालव्याच्या रस्त्यावर उघडते. येणारा-जाणारा आत बघतो. पडदे पाहिजेत. तिरोड्याहून मांजरपाट आणले. नुसते पांढरे लावायला हात होईना. पळस फुलला आहे, म्हणून फुले उकळून रंग केला. एक पट्टा पिवळा, एक मातकट, मध्ये डाग. धुतल्यावर आणखी वाईट झाले.

हिरामण म्हणाला, "झूल म्हणून माह्या बैलाले देऊन टाका." दिले.

३ मार्च

सौ.ची ट्रंक उघडली. पहिल्यांदाच.

नेसणीची लुगडी वर होती. त्यांना हात लावून परत ठेवली. निळ्यावर हळदीचा डाग आहे. ते तर... नको.

तळाशी जुन्या धोतरात बांधलेले कोशाच्या रेशमाचे लुगडे. करवतीसारखा लाल काठ, कापड मधाच्या रंगाचे. तिच्या अंगावर कधी पाहिले नाही. घडीच्या रेघा तशाच, डांबरगोळ्यांचा वास. विणकर दारावर आला होता तेव्हा घेतले होते, एवढे आठवते. मी रंगावरून काही बोललो होतो का? म्हणून नेसली नसेल?

हे चालेल. नेसलेले कापले तर तिच्यावर कात्री चालवल्यासारखे होईल. हे कोणाचेच नाही.

७ मार्च

कापले. खिडकीला कापडाचे दोन पाट, दाराला एक. हाताचे मशीन तिचेच. दोरा ओवायला सकाळ गेली. सुई दोनदा मोडली. शिवण सरळ नाही, पण काठ बरोबर खाली आला. बांबू तासून दांड्या केल्या, जुन्या छत्रीच्या कड्या लावल्या.

दुपारी ऊन आले तेव्हा सगळी खोली पिवळी झाली. खुर्चीत बसलो. भाद्रपदानंतर पहिल्यांदा त्या खोलीत बसलो.

उरलेले कापड घडी करून मशीनच्या खणात ठेवले.

१४ मार्च

आक्का आली. गाडीतून उतरत नाही तो खिडकीकडे पाहून, "काऊन रे नारायण, दर्जी झाला का तू?"

खोली तिला आवडली. खुर्चीत बसली आणि एका बाजूला घसरली. म्हणाली, "हे खुर्ची आहे का पाण्यातला डोंगा?" बऱ्याच दिवसांनी या घरात कोणी हसले. मग तिने पडद्याचा काठ हातात घेतला.

"हे तं तिचं लुगडं."

"हो."

"मेलेल्या बाईचं लुगडं बाळंतिणीच्या खोलीत लावते का कोणी? तिचा जीव अडकून राहीन पोरीत. काढ आधी."

मी म्हणालो, "आक्का, तिने नेसलेच नाही ते. घडीसुद्धा मोडली नव्हती."

आक्काने कापड उजेडात धरले. घडीच्या रेघा बोटाने पाहिल्या. वास घेतला. "खरंच मोडली नाही? मंग ते तिचं झालंच नाही. दुकानातलंच म्हणायचं." आणि चहा मागितला.

चहा पिताना मात्र, "पण एवढं भारी लुगडं नुसतं ठेवून दिलं कायले होतं तिनं?"

माहीत नाही म्हणालो. खरेच माहीत नव्हते.

२१ मार्च

आज विमलच्या सातव्याची ओटी होती. एका दिवसासाठी माहेरी आणली. विहीणबाई आणि जावई सोबत.

दारात थांबली. भिंती पाहिल्या, आरसा, दिवा. "बाबा, हे सगळं तुम्ही केलं?" मी मान हलवली. ती हसली. आईसारखी हसते. त्या क्षणी वाटले, जमले.

गावातल्या बाया जमल्या. आक्काने पाट मांडला, मी तिरोड्याहून आणलेले हिरवे लुगडे तिनेच विमलपुढे धरले.

"आत्या, हे नाही. आईनं ठेवलं ते."

"कोणतं ओ पोरी?"

"कोशाचं. ट्रंकेत तळाशी आहे, धोतरात बांधून. आई म्हणाली होती, तुझ्या सातव्याले तूच घडी मोड, तवरक मी नेसत नाही."

आक्काने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले. पाहायला नको होते. विमलही तिकडेच पाहू लागली.

मग उठून गेली, पडद्याचा काठ उलटा करून माझी वाकडी शिवण पाहिली.

"बाबा, हे काऊन कापलं?"

आक्काने हिरवे लुगडे पुन्हा पुढे केले.

हिरवे नेसून बसली. ओटी भरली. डोळ्यांत पाणी नव्हते. संध्याकाळी गाडीत चढताना पाया पडली, वर पाहिले नाही.

२२ मार्च

आक्का सकाळी एवढेच म्हणाली, "म्हणून ठेवलं होतं तं."

विमलचे लग्न ठरले त्या वर्षीच विणकर आला होता. आता आठवते. रंगावरून मी बोललो नव्हतो. काहीच विचारले नव्हते.

४ एप्रिल

जावई आले. बसले नाहीत. "ती म्हणते, बाळंतपण इथंच करते. आईलाही चालेल. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मामाजी."

मी विचारले, रागावली आहे का? म्हणाले, "रागावली असती तर बोलली असती."

चार दिवसांत आठवा लागेल. आठव्यात हलवत नाहीत. म्हणजे आता नवव्यापर्यंत काही करता येत नाही. तोवर तिचे मन बदलले नाही तर माहेर म्हणून या घरात ती पुन्हा कधी... ओटीच्या दिवशी पाहुणी म्हणून आली तशीच येईल.

१८ एप्रिल

पडदे उतरवले. मी ओढून काढणार होतो, आक्काने हात धरला. "आता परत फाडतोस का?" चष्मा लावून तिने एकेक टाका उसवला. वाटले होते, पाट परत जोडता येतील. आक्का म्हणाली, "जोडशील. पण सांधलेलं लुगडं ओटीले चालत नाही अन् घडी दोनदा मोडत नाही."

कापडावर सुईची भोके राहिली आहेत. पाणी मारून इस्त्री केली, तरी दिसतात.

खिडकीला वाळ्याची ताटी लावली. उन्हाळ्याला हेच बरे होते. हे आधी सुचायला काय झाले होते?

खोली आता थंड आहे. पिवळी होत नाही.

२६ एप्रिल

आक्का परत जाऊ का विचारत होती. थांब म्हणालो. "कोणासाठी थांबू?" ती थांबली. संध्याकाळी जुन्या मऊ धोतराची दुपटी शिवत बसली होती. मी दोरा ओवून दिला.

९ मे

नववा लागला. गोंदियाला गेलो. काय बोलायचे ते गाडीत ठरवले होते, तिथे पोचल्यावर त्यातले काही राहिले नाही.

विमलने पाणी आणून दिले. जड झाली आहे, कमरेवर हात ठेवून चालते. मी म्हणालो, खिडकीला वाळा लावला. आत्या अजून तिथेच आहे. ती ऐकत होती.

मग म्हणाली, "पदर बी कापला का?"

"नाही."

"खरंच?"

"पदराला कात्री लावली नाही. घरी आहे."

तिने पेला हातात फिरवला आणि आत गेली. तेवढ्यात तिचा चेहरा सैल झाला, असे मला वाटले. नसेलही.

खरे म्हणजे पदरापर्यंत कापड लागलेच नाही, खिडकी लहान होती म्हणून तो वाचला. तसे सांगायला हवे होते. तिला वाटले असेल, बाबांचा हात पदरापाशी थांबला. मी तसेच वाटू दिले.

निघताना विहीणबाई दारापर्यंत आल्या. "मी अडवत नाही, इवाई. तिच्या मनावर आहे. आली तं ती उद्या सकाळच्या गाडीनं नवऱ्यासोबत येईन. नाही आली तं तुमी राग धरू नका."

१० मे, पहाटे

ताटी भिजवली. दिव्याची काच पुसली. वेताच्या खुर्चीच्या खोल बाजूला आक्काने उशी शिवून घातली आहे, आता सरळ बसते.

कापलेले तीन पाट आणि वर पदर, घडी करून खाटेवर ठेवले. आक्का म्हणाली, "समोर नको ठेवू, पोरगी दारातच रडन." ट्रंकेत नेऊन ठेवले. मग परत आणून खाटेवर. तिला पाहू दे. पदराची बाळाला कुंची करायची, की तसाच ठेवायचा, ते ती ठरवील. कात्री खणात ठेवली आहे. मी लावणार नाही.

आली तर पदराचे खरे सांगेन. रस्त्यात नाही, घरी पोचल्यावर.

तिरोड्याच्या स्टेशनावर जायला हिरामणने बैल जुंपले. गाडीत भाताची तणीस जाड टाक म्हणालो, रस्ता फुटका आहे, पोटातल्या जिवाला धक्का बसू नये. त्याने दोन भारे टाकले आणि थांबला. "साहेब, येनार हे पक्कं आहे का? नाई तं एवढी तणीस कायले?"

आणखी एक भारा टाक म्हणालो. टाकतो आहे.