शालीचा हिरवा

प्रिय ताई,

तुझे फोन येतायत आणि मी उचलत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. समोरासमोर आलो तर तू मला दोन वाक्यांत गुंडाळशील, लहानपणापासून तेच चालत आलंय. कागदावर निदान तुला मला मधेच तोडता येणार नाही.

तुला फोन केला त्या दिवशी आधी काय झालं, ते सांगायचं राहिलंच. मी छापखान्यात गेलो होतो. तिथल्या मालक काकांनी आपलं मोठं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं, चौकट बसायची होती. त्यांची कुरकुर चालली होती की तुमच्या चित्राने लाल शाईचा पार फडशा पाडला, आता बाकीची कामं अडकली. मी हसलो. म्हटलं, काका, दुसऱ्या कुणाचं असेल, आमचं चित्र हिरवं आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, आणि म्हणाले, अहो, हे तर विटकरी लाल आहे. मला लाल आणि हिरवं सारखंच दिसतं, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! मग त्यांनीच मला स्टूल दिलं, पाणी दिलं. परक्या माणसाकडून कळावं, तेही शाई संपली म्हणून. हसू की रडू, तूच सांग.

किती वर्षं करतोय गं आपण हे काम. गणितातल्या एका सूत्रातून पडद्यावर आकार उगवतो. जवळ जावं तशा त्यात गुहा, गुहेत कमानी, कमानीत पुन्हा तशाच गुहा. त्यात भटकून जागा शोधायची मी, दिवे लावायचे मी. दिवा किती खाली, सावली किती दाट, लांबचं किती धूसर, यात माझा हात कुणी धरणार नाही, असं तूच लोकांना सांगत फिरतेस. रंग मात्र तुझे. मी रंग सांगायचा आणि तू द्यायचा. प्रत्येक रंगाचे संगणकात आकडे असतात, ते वाचून मला पडताळता आलं असतं. कधी वाचले नाहीत. तू होतीस ना! शाळेत असताना मोजे एका जोडीचे आहेत का, हे तुला विचारून घालणारा मी.

हे चित्र बाकीच्यांसारखं नव्हतं, हे तुला पक्कं माहीत होतं. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदाच कामाला बसलो होतो. एक खोलगट जागा सापडली, घड्याघड्यांची, आई खुर्चीवर शाल टाकून उठायची ना, अगदी तशी. मी म्हटलं, ताई, याला शालीचा हिरवा दे. रंगात भेसळ नको म्हणून दिवा मुद्दाम पांढरा ठेवला. झाल्यावर विचारलं, जमलाय का? तू म्हणालीस, अगदी तोच. मी त्या चित्रासमोर बसून ढसाढसा रडलो आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस. विटकरी रंगासमोर रडत होतो मी, ताई, आणि तू बघत होतीस.

घरी येऊन आकडे उघडले. दिवासुद्धा केशरी केलायस. उजेड-सावलीचा तोल मात्र जसाच्या तसा, तसूभरही इकडचा तिकडे नाही, कारण मला तेवढंच नीट दिसतं. किती मन लावून फसवलंस गं! मग जुनी चित्रंही उघडली. बऱ्याच चित्रांत मी सांगितलेला रंग नाहीच.

तुला फोन केला तेव्हा तू सारवासारव केली नाहीस, एवढं मात्र खरं. म्हणालीस की हिरव्यात ते मेल्यासारखं दिसत होतं, असल्या चित्रापुढे कुणी थांबत नाही, आणि आता बघ, प्रदर्शनात दारासमोरची भिंत मिळाली. असेलही. तुझ्या नजरेशी माझं भांडण नाही. पण मग तू म्हणालीस, “अरे, तुला कुठे कळणार होतं?” भाजीत मीठ जरा जास्त पडल्याचं सांगावं, इतक्या सहज. मला फोन ठेवावा लागला. आजवर मला कुणीही हसलं तरी तू माझ्या बाजूची आहेस, असं मी धरून चाललो होतो.

चित्र लाव दारासमोर, माझी हरकत नाही. लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. कालपासून मी आकडे घालून ते चित्र नव्याने रंगवायला बसलोय. हिरव्याचे आकडे ढिगाने मिळतात. त्यातला शालीचा कुठला, ते शोधता शोधता हात थांबला. शाल हिरवी आहे, हे मला कुणी सांगितलं? तूच. मी काही तो रंग पाहिलेला नाही. फोटो काढायचा म्हटलं की आई शाल आधी बाजूला ठेवायची, आणि गेली तेव्हा शालही तिच्याबरोबरच गेली. घरात आपण तिघंच होतो. विचारायला आता तुझ्याशिवाय कुणी नाही. तू सांगशील ते खरं, की मला बरं वाटावं म्हणून, हेही मला कळणार नाही. तरी विचारतो. ताई, आईची शाल हिरवी होती ना?

तुझाच,
धाकटा