पाया पडणाऱ्याने आधी हात धरावा

मी, श्रीमती जयवंता भगवंत गावंडे, वय शहात्तर, तिवशाच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार अमरावती, राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. डोळे गेले, मागाहून कानही गेले. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तोंड शाबूत आहे, हे सारी गल्ली सांगेल.

मजकूर अपेक्षा खंडारे हिने लिहून घेतला. अंध-बधिरांच्या सेवाकेंद्रातून ती माझ्याकडे येते आणि माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून माझ्याशी बोलते. "मावशी, आज आभाळ आलं," एवढं कळलं तरी माझा दिवस निघतो. ती येत नाही त्या दिवशी मी कोणाच्याच जगात नसते.

१. राहतं घर मी माझ्या पगारातून बांधलं. मुलगा किशोर, राहणार अकोला, याने त्यावर हक्क सांगू नये. कारण सांगते. किशोर सणावाराला येतो, पाया पडतो आणि जातो. पायाला हात लागला की मी आशीर्वाद देते. कोणाला देते ते मला ठाऊक नसतं. गेल्या दिवाळीत असाच हात लागला. मी भरल्या डोळ्यांनी म्हटलं, "किशोर, जेऊन जाजो बाप्पा." अपेक्षाने मग हातावर लिहिलं की तो गॅसवाला होता, सिलिंडर सरकवताना धक्का लागला. किशोर त्या दिवाळीत आलाच नव्हता.

केंद्राने त्याला हातावर लिहायचं शिकायला बोलावलं होतं. तो अपेक्षाला म्हणाला, "आईले आता काय समजते? तुमी करूनच राहिल्या न सारं." ती सांगत नव्हती, मीच खोदून काढलं. अरे, तुझं बोट धरून पाटीवर 'क' मीच गिरवून घेतला. तेच बोट माझ्या हातावर फिरवायला तुला जड जातं? मला राग आहे, आणि रागापेक्षा दुःख जास्त आहे.

२. म्हणून माझ्यामागे घर सेवाकेंद्राला द्यावं. पुढच्या खोलीत हातावर लिहायचं शिकवावं. शिकायला घरच्यांनीही यावं, सारं पगारी माणसांवर ढकलू नये.

३. सोन्याची पोत सून दामिनी हिला. तिने एकदा माझ्या हातावर 'चहा' लिहिलं होतं. 'च' उलटा काढला, पण चहा गोड होता.

४. अपेक्षाला काही देता येत नाही. मृत्युपत्र लिहून घेणारीने त्यातलं काही घेऊ नये, असं वकील म्हणतात. वकिलाच्या बापाचं काय जाते! पोरी, रुसू नको.

५. मी जिवंत असताना किशोरने येऊन स्वतःच्या बोटाने माझ्या हातावर आपलं नाव काढलं, तर हे मृत्युपत्र मी रद्द करीन आणि घर त्याचं होईल. चुकलं तरी चालेल. मी मास्तरीण आहे, दुरुस्त करून घेईन. अकोला काही विलायतेत नाही.

६. तो न आल्यास, मी गेल्यावर कोणी माझ्या पायांवर डोकं ठेवू नये. आधी हात धरावा आणि आपलं नाव लिहावं. मले तवा कळणार नाही, तरी लिहा.

वरील सर्व मजकूर अपेक्षाने अक्षर न् अक्षर माझ्या तळहातावर लिहून दाखवला, तो मला मान्य आहे. साक्षीदारांनीही कागदाआधी माझ्या हातावर आपली नावं लिहिली आणि मी ती मोठ्याने वाचली. सही उजव्या हाताने केली आहे. डावा हात किशोरसाठी मोकळा ठेवला आहे.

सही: जयवंता भगवंत गावंडे

साक्षीदार: १. लीलाबाई राऊत, शेजारीण
२. डॉ. सुगत वानखडे

स्थळ: अमरावती
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५