न टिकणारे टायर

आई, काल मी गाडीला असे टायर घेतले जे टिकणार नाहीत. मुद्दाम घेतले, दुकानदार नको नको म्हणत असताना घेतले. तू असतीस तर दुकानाच्या पायरीवरूनच मला मागे ओढलं असतंस, म्हणून आधी तुलाच सांगते आहे.

तुला गाडीही माहीत नाही. मागच्या वर्षी मी दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली, वापरलेली, पण इंजिन खणखणीत. समता कॉलनीत माझ्या दातांच्या दवाखान्यासमोर ती उभी असते तेव्हा पेशंट आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे. रायपूरला रेसचा ट्रॅक नाही. त्यामुळे पावसाळा संपला की गाडी ट्रकवर चढवून दक्षिणेत न्यायची आणि तिथल्या ट्रॅकवर मनसोक्त पळवायची, असं ठरवलं आहे. शर्यत नाही, कुणाला हरवायचं नाही. नुसती वळणं घ्यायची आहेत.

दुकानदाराने एक टायर रोजचा दाखवला, वर्षानुवर्षं चालणारा. एक मधला, दवाखान्यात नेईल आणि ट्रॅकवरही वेळ मारून नेईल असा. आणि मग ट्रॅकचा. रस्त्यावर चालवायला त्याला बंदी नाही, पण खाचा मोजक्या आणि रबर हाताला मऊ लागतं. थंड असताना तो नीट धरत नाही. एकदा तापला की वळणावर रस्ता सोडत नाही. पाण्यात बेभरवशाचा, आवाज मोठा, आणि झिजतो खोडरबरासारखा. ‘मैडम, बीच वाला ले लो, ये तो एक सीज़न में साफ हो जाएगा,’ दुकानदार म्हणाला. माझा मुलगा सोबत होता, तो लगेच त्याच्या बाजूचा झाला. मराठी त्याला सगळं समजतं, बोलतो मात्र हिंदीत. ‘मम्मी, भैया सही बोल रहे हैं, जो टिकेगा वो लो ना.’ तुझा नातू तुझाच शब्द बोलला आणि माझं डोकं फिरलं. ‘मले टिकाऊ नाही पाहिजे,’ मी म्हटलं, ‘मले धरणारा पाहिजे!’ दुकानदाराला किती कळलं कोण जाणे, पण मधला टायर त्याने बाजूला केला.

पुरानी बस्तीतल्या आपल्या घरात कुठलीही वस्तू आली की ‘टिकन का?’ हा तुझा पहिला प्रश्न. शाळेच्या खेळांसाठी कॅनव्हासचे बूट घ्यायला गेलो तेव्हा मला माझ्या मापाचे हवे होते. ‘पाय वाढून राहिले तुये, आन मापाचे काहून मागून राहिली?’ असं सगळ्यांसमोर दरडावून तू एक नंबर मोठे घेतलेस. पुढे कापूस कोंबून मी धावले. वळणावर पाय बुटातल्या बुटात फिरला आणि मी तोंडावर आपटले. तू गुडघ्याला हळद लावलीस आणि बूट पुसून ठेवलेस.

पण तू मुळात तशी नव्हतीस, राग त्याचाच येतो. बाबांनी तुझ्यासाठी मोपेड आणली ते वर्ष आठव. एका दुपारी आपण दोघी महादेव घाटावरून परत येतोय. रस्ता मोकळा आहे. तू पदर कमरेला खोचतेस, ‘घट्ट धर वं’ म्हणतेस आणि अॅक्सिलेटर पूर्ण पिळतेस. मोपेड थरथरते आहे, मी मागून तुला मिठी मारून बसले आहे, आणि तू हसते आहेस, रस्त्यावरचे लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने. तितकी मोकळी तू मला परत कधी दिसली नाहीस. घराच्या अलीकडे थांबून तू पदर सारखा केलास. ‘बाबाले सांगू नको. रोज अशी पळवली तं इंजन लवकर जाईन.’ मग मोपेड फक्त बाजारापुरती निघायची. बाकीचं फिरणं तू पुढे ढकललंस: ‘तुमी पोट्टे मोठे झाले का मंग फिरीन मी.’ आम्ही मोठे झालो तोवर तुझी बोटं वाकली होती, अॅक्सिलेटर पिळता येईना. शेवटी मोपेड विकली, तेव्हा घेणारा म्हणाला, ‘माताजी ने एकदम नई रखी है.’ तुला त्याचं कौतुक वाटलं. मी आत जाऊन रडले, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

आता ती बोटं माझ्याकडे आली आहेत. सकाळी मूठ उघडायला वेळ लागतो. दवाखान्यातली बारीक कामं मी हाताखालच्या डॉक्टरणीला देऊन टाकली. माझे डॉक्टर म्हणतात, पकड आहे तोवर गाडी चालवा, पुढचं आज सांगता येत नाही. पण हात जपून वापरा. जपून! तू जपलंस, तुला काय मिळालं? रोजचे टायर घेतले असते तर ते माझ्या हातांना पुरून उरले असते. मला माझ्यामागे काही नवंकोरं ठेवायचं नाही. आज उजाडताच नव्या रायपूरच्या रिकाम्या रस्त्यावर गेले, वेगात नाही, टायरांची ओळख करून घ्यायला. मऊ रबराला चिकटलेले खडे गाडीच्या पोटाशी ताडताड वाजत होते. वळणावर मनगटं दुखली. दुखू देत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते, मुलालाही सांगितलेली नाही. तो बाहेर गाडी काढायला गेला तेव्हा मी दुकानदाराकडून याच टायरांचा आणखी एक सेट मागवला, हे झिजले की पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यासाठी. टिकाऊ नको म्हणून भर दुकानात ठणकावून आले खरी. पण ही बोटं तेवढी टिकावीत असं फार वाटतं गं, आई.