पाळण्यातलं नाव

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

आदरणीय जाऊबाई आशाबाई यांना धाकट्या जावेचा, रत्नमालाचा जयभीम.

परवा प्रणयचं अमेरिकेहून पार्सल आलं. दोन काळे टी-शर्ट, एक जाड पुठ्ठ्याचं पाकीट अन् त्यात ताटाएवढी काळी तबकडी. पोस्टमननं कस्टमचे बाराशे चाळीस रुपये घेतले. तबकडी वाजवायचं यंत्र आपल्याकडं नाही, म्हणून कपाटावर ठेवून दिली. टी-शर्ट तुमच्या दिरांना गुडघ्यापर्यंत येतो, तरी घालून गारखेड्यापर्यंत फिरून आले.

तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या पुंजारामची बदली कन्नडलाच झाली हे बरं झालं, तुमचं गाव सुटलं नाही. इकडं विहारात वर्षावासाचं वाचन चालू आहे.

फोन केला असता, पण तुमची सूनबाई तो स्पीकरवर लावून देते. हे तिच्यासमोर बोलवणार नाही.

प्रणय नोकरी सांभाळून चौघांच्या बँडमध्ये वाजवतो, हे तुम्हाला माहीत आहे. टिन ऑर्चर्ड नाव. त्यांचं ते रॉक, तिकडचं खेड्यातलं व्हायोलिनसारखं फिडल, एक पोरगी भराभर बोलल्यासारखं गाते ते, अन् आपल्या प्रणयची ढोलकी, सगळं एकात. पहिल्या वर्षी एका खानावळीत तीस माणसांपुढं वाजवायचे, बदल्यात जेवण. गाण्यांच्या तबकड्या विकणारा दुकानदार विचारायचा, "हे कोणत्या फळीवर ठेवू?" प्रणय हसून सांगायचा, "आई, आमची फळीच नाही." मग एक गाणं निघालं अन् दोन महिन्यांत सगळं पालटलं. आधी हजाराचं सभागृह, मग तीन हजारांचं, आता मैदान.

ते गाणं तुम्ही ऐकलं नसेल. नसेलच ऐकलं, म्हणून तर मी एवढे दिवस गप्प राहू शकले.

दोन वर्षांखाली आमच्या करुणाच्या लेकीचं नामकरण झालं. तुम्ही पाळण्याची दोरी धरून गायलात. मी मोबाईल फळीवर ठेवून ते भरून घेतलं अन् प्रणयला पाठवलं. सासऱ्यांच्या धाकानं तुम्ही घरात कधी गायला नाहीत, त्याला तुमचा आवाज कुठून माहीत असणार? त्याचा लगेच फोन. "आई, हा पाळणा तू म्हटलास? तू अशी गातेस अन् मला माहीतच नाही!" तिकडं गेल्यापासूनच्या सात वर्षांत पोरगा माझ्याशी पापड, गोळ्या अन् वेळेवर जेव, एवढंच बोलला होता. इतक्या आनंदानं कधीच नाही. माझ्या तोंडून "व्हय" निघून गेलं.

त्या गाण्याच्या मधोमध त्यानं घातलेला तुमचाच आवाज आहे. 'निज गं विशाखा, दिवा हाये जागा.' पाकिटावर मात्र माझं नाव छापलंय. माझं मॅट्रिकचं इंग्रजी, पण तेवढं वाचता येतं. यांनी गाणं ऐकलं त्या दिवशी अर्ध्यावरून ताट सारलं. ओळखलं असणार.

मागच्या रविवारी पौर्णिमेला महिला मंडळानं त्या गाण्याबद्दल विहारात मला शाल घातली. गा म्हणाल्या, तर मी घसा बसला म्हणून सांगितलं. केसरबाई म्हणाल्या, "अमेरिकेला ऐकवताना बरा होता व्हय घसा! आम्हीच काय घोडं मारलं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग पंचशील सांगायला माइक हातात आला. खोटं न बोलण्याच्या 'मुसावादा वेरमणी'पाशी माझी जीभ अडली. मागच्या बायकांनी पुढचं पूर्ण केलं.

एवढंच असतं तरी पदर पसरून माफी मागितली असती. पण प्रणयनं तेव्हाच विचारलं होतं, "आई, ही विशाखा कोण?" मी म्हणाले, "कोणी नाही रे. पाळण्यात कोणतंही नाव घालतात."

जाऊबाई, असं मी म्हणाले. तुम्हाला उचलवेना म्हणून तीन वर्षांच्या त्या गेलेल्या लेकराला दवाखान्यातून जीपमध्ये मांडीवर घेऊन आणणारी मी. मीच म्हणाले, कोणी नाही. अन् आता तिकडं हजारो माणसं तिचं नाव घेऊन गातात. कुणाला ठाऊक नाही की ते एका लेकराचं नाव आहे.

पौर्णिमेहून घरी येऊन मी प्रणयला सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग, "काकूला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस?" फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. सत्तावीस तारखेला त्यांचा आजवरचा सगळ्यात मोठा कार्यक्रम आहे, तीस हजार माणसं. लोक ह्याच गाण्यासाठी येतात. पण काकू स्वतः हो म्हणाल्याशिवाय तो ते वाजवणार नाही. बाकीचे तिघं चिडले, तरी त्याच्या बाजूनं राहिले.

हो म्हणा, हे सांगायला मी लिहीत नाही. पोराचं नुकसान होईल म्हणून हो म्हणू नका, अन् माझ्याकडं बघून तर मुळीच नाही. नाव तुमच्या लेकीचं, गळा तुमचा. येत्या रविवारी विहारात माइकवर उभी राहून आवाज कुणाचा ते सांगणार आहे, तुमचं उत्तर काहीही येवो. विशाखाचं नाव मात्र तुम्ही म्हणाल तरच घेईन.

माझ्याशी बोलायचं नसेल तर पत्र प्रणयच्या नावानं लिहा. हो असो की नाही, मी एक शब्द न बदलता त्याला वाचून दाखवीन. दोनच ओळी, पण उलट टपाली पाठवा.

तुमची धाकटी जाऊ,
विशाखाची काकू,
रत्नमाला