दाराशी नव्वद

एरंडोल, १८ एप्रिल, संध्याकाळ

चुलतभाऊ नानाच्या हरितगृहात आज हवा दमट ठेवण्याचं यंत्र बसलं. दुकानात त्याने ते कूलरसारखं निवडलं, झोताच्या तोंडापुढे उभं राहून. मी सुचवलेल्या यंत्राचं धुकं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते बाद. आणि बसवलं कुठे? दाराशी. शेजारीच आर्द्रतेचं मीटर. येणाऱ्याला आधी धुकं दिसतं, मग नव्वदवरचा काटा.

"बठ्ठं बराबर शे ना, भाऊ?" सगळं ठीक आहे ना, असं नानाने मला विचारलं.

मागच्या कोपऱ्यात केळीची कोवळी रोपं माना टाकून होती. रोपं अक्काची, नानाच्या मोठ्या बहिणीची. रोपं जळाली तर जूनमध्ये तिचं शेत रिकामं. मी मीटर काढून तिथे नेलं. काटा चाळीसवर आला.

"मीटर बिघडेल शे," नाना म्हणाला, आणि त्याने ते परत दाराशी टांगलं. लगेच नव्वद. केवढा खूश झाला! व्यासपीठाचा फोटो छापून आला की सभा गाजली म्हणणारे पुढारी मी वर्तमानपत्रात बातम्या लिहिताना पुष्कळ पाहिले. हा घरातला.

मी का वाद घातला नाही? कंटाळा.

मी निघताना अक्का मागच्या कोपऱ्यात रोपांभोवती ओली पोती टांगत होती. म्हणाली, "त्याले सांगू नको."

रोपं तरारली की नाना यंत्राला हार घालेल. दाराशी.